केबिन नंबर बाराचा बिघाड

माझ्या बायकोला थेट अलास्कापर्यंत जाऊनही देवमासा दिसला नाही, यात देवमाशाची काही चूक नव्हती. तो आला होता. एकटा नव्हे, चांगला सात जणांचा गोतावळा घेऊन आला होता. चूक माझी होती. आणि ती मी जवळजवळ दोन वर्षं एका पूर्णपणे निर्दोष माणसाच्या नावावर खपवली. हे मी आज लिहून टाकतो आहे, कारण ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं आहे, आणि आता लाजायला फारसं कुणी उरलेलं नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही बहारीनमध्ये, हूरा नावाच्या भागात, एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी पंप आणि व्हॉल्व्ह विकणाऱ्या कंपनीत सेल्स इंजिनियर. ऑफिस सकाळी आठ ते साडेबारा, आणि मग साडेतीन ते सात. मधले तीन तास हे जेवण आणि झोप यांसाठी. उन्हाळ्यात त्या वेळी रस्त्यावर मांजरसुद्धा नसतं. चौदा वर्षं अशी काढल्यावर माणसाचं शरीर घड्याळासारखं चालतं. दीड वाजला की माझे डोळे आपोआप मिटत, समोर गिऱ्हाईक असो की सासरा. त्या वेळात आमच्या फोनवर उशी ठेवलेली असायची. दाराची घंटी बंद करायला मी एक वेगळा स्विच बसवून घेतला होता. तो बसवला होता खालच्या मजल्यावरच्या अन्वरभाईंनी. अन्वरभाई दापोलीकडचे. मीना सलमान बंदरातल्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, आणि माणूस इतका सरळ की स्विच बसवताना त्यांनी मला तीनदा विचारलं होतं, “पण पेठेसायेब, दुपारी कुनाला खरंच काय झालं तर?”

“दुपारी कुणाला काही होत नाही,” मी म्हणालो होतो.

आता माझी बायको, सुनंदा. ती लग्नाआधी आणि नंतर मिळून आठ वर्षं साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होती. माझी नोकरी बहारीनला लागली आणि तिची साताऱ्याला सुटली. पासपोर्टात तिच्या व्हिसावर ‘हाऊसवाइफ’ असा शिक्का होता आणि त्याखाली नोकरी करायला परवानगी नाही, असं बजावलेलं होतं. तो शिक्का दर दोन वर्षांनी नवा व्हायचा, आणि दर वेळी मी तिच्याकडे न बघता पासपोर्ट कपाटात ठेवायचो.

आमच्या जवळचं एक अमेरिकन कुटुंब बहारीन सोडून निघालं. जाताना सगळे जण करतात तसा त्यांनी घरातला सगळा पसारा अंगणात मांडून विकायला काढला. लोकांनी फ्रिज घेतले, सायकली घेतल्या. सुनंदाने जुन्या मासिकांचा एक गठ्ठा घेतला. त्यात एक माहितीपत्रक निघालं: अलास्काच्या किनाऱ्याने जाणारं एक छोटं जहाज. फक्त साठ प्रवासी. मोठी जहाजं लांबूनच वळतात, पण हे जहाज डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांत आत शिरतं, रबरी होड्यांतून माणसांना हिमनदीच्या तोंडाशी नेतं, आणि बरोबर एक प्राणिशास्त्रज्ञ बाई असतात, त्या सगळं समजावून सांगतात.

ते पत्रक तीन वर्षं आमच्या स्वयंपाकघराच्या खणात होतं. सुनंदाने कधी काही मागितलं नाही. एकदाच, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “आठ वर्षं हिमनदी शिकवली हो मी. निळ्या खडूने काढायची. मुलं विचारायची, बाई, तुम्ही पाहिली आहे का? मी म्हणायची, पुस्तकात पाहिली आहे.”

त्या वर्षी मी रजा भारताऐवजी अलास्काला काढली. (आईला पत्राने कळवलं. आईचं उलटटपाली उत्तर आलं: बर्फच बघायचा होता तर इतकी वर्षं फ्रिज कशाला घेऊन ठेवलास.) अमेरिकन व्हिसासाठी मी नऊ प्रकारची कागदपत्रं घेऊन गेलो. खिडकीतल्या अधिकाऱ्याने त्यातलं एकही बघितलं नाही. त्याने सुनंदाला विचारलं, “अलास्काच का?”

ती म्हणाली, “हिमनद्या मागे सरकत चालल्या आहेत. फार उशीर केला तर माझी आणि त्यांची चुकामूक होईल.”

त्याने शिक्का मारला. मी नऊ कागद परत घेऊन आलो.

*

जहाज खरंच छोटं होतं. आमची केबिन नंबर बारा. दोन पलंग, त्यांच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा, एक गोल खिडकी, आणि पलंगाच्या डोक्याशी भिंतीत एक स्पीकर. त्याखाली आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण. पहिल्याच संध्याकाळी कप्तानाने सांगितलं, की काहीही दिसलं की आम्ही स्पीकरवर सांगू, मग हातातलं टाका आणि वर या. निसर्गाचं वेळापत्रक आमच्या हातात नाही.

सुनंदाने हातातलं टाकायला हातात काही घेतलंच नाही. पहाटे पाचला ती डेकवर जायची, अंगात माझा कोट, त्यावर तिचा कोट, कानाला मफलर, काखेत शाळेतली जुनी वही. पहिल्या दिवशी हिमनदी आली. निळी. खरोखरच खडूच्या निळ्या रंगाची.  शेजारच्या अमेरिकन आजींना सुनंदा दरीचा आकार हाताने करून दाखवायला लागली, बर्फाने घासलेली दरी अशी असते आणि नदीने कापलेली अशी. थोड्या वेळाने मी पाहिलं तर तिच्याभोवती अकरा माणसं उभी होती. प्राणिशास्त्रज्ञ बाई त्यांच्यातच होत्या आणि टिपणं घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, “आता फक्त देवमासा.”

“दिसेल की.”

“दिसेल की नाही ते नका सांगू. मला नुसतं त्या वेळी जागेवर असायचं आहे.”

तिसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झालं. सॅमन मासा होता, भात होता, खिडकीबाहेर संथ पाणी होतं. दीड वाजला. बहारीनमध्ये काय वाजलं होतं देव जाणे, पण माझ्या डोळ्यांनी जहाजाचं घड्याळ मान्य केलं. सुनंदा परत वर निघाली होती. मी म्हणालो, आणि हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात, “अगं, पहाटेपासून उभी आहेस. जरा पाठ टेक. काही आलंच तर हा स्पीकर ओरडेलच की.”

तिने स्पीकरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्यावर विश्वास ठेवून आडवी झाली. पाच मिनिटांत तिला झोप लागली.

मला मात्र लागेना, कारण स्पीकर खरोखरच ओरडत होता. डाव्या बाजूला पाणमांजर. (डोळे मिटले.) उजव्या बाजूला झाडावर गरुड. (डोळे उघडले.) तेच पाणमांजर, आता उताणं. चौथ्या वेळी प्राणिशास्त्रज्ञ बाई बोलायला लागल्या, की मगाचचा गरुड म्हणजे बहुधा मादी असावी. तेवढ्यात माझा हात वर गेला आणि त्याने ते गोल बटण डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं. ‘हात गेला’ असं मी लिहितो आहे, कारण इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. हात माझाच होता.

काय सुंदर शांतता पसरली.

साडेतीनला सुनंदा जागी झाली आणि मफलर गुंडाळत वर गेली. मी खाली पायमोजे शोधत होतो. दहा मिनिटांत ती परत आली. दारात उभी राहिली.

“सात होते,” ती म्हणाली.

“काय सात?”

“देवमासे. गोल करून बुडबुड्यांचं जाळं करत होते, आणि सगळे एकदम तोंडं उघडून वर येत होते. वीस मिनिटं. जहाजाच्या अगदी शेजारी. त्या आजी म्हणाल्या, श्वासाचा वास आला त्यांना.” ती पलंगावर बसली. “वरचे सगळे लोक लग्नघरातून आल्यासारखे दिसत आहेत. तुम्ही ऐकलंत का काही?”

“नाही,” मी म्हणालो. (हे खरं होतं.)

“मग हा स्पीकर?”

त्या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर ती रागावली असती, संध्याकाळपर्यंत बोलली नसती, आणि गोष्ट तिथे संपली असती. पण मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून दोन शब्द गेले.

“बिघडला असेल.”

तिने वही उघडली. तारीख टाकली आणि लिहिलं: ‘देवमासे: सात. (ऐकीव.)’ मग वही मिटली. त्या कंसाने मला जेवढं छळलं, तेवढं कुठल्याही शिवीने छळलं नसतं. ती हात धुवायला वळली तेव्हा मी पटकन बटण उजवीकडे पूर्ण फिरवून ठेवलं. प्रकरण मिटलं, असं मला वाटलं. शिक्षिकेशी लग्न करून वीस वर्षं होत आली तरी मला कळलं नव्हतं, की शिक्षिका कुठलंही प्रकरण मिटू देत नाहीत.

“मी कप्तानाला सांगून येते,” ती म्हणाली.

“कशाला? झालं ते झालं.”

“माझ्यासाठी नाही हो. उद्या आग लागली, जहाजाला भोक पडलं, तर बारा नंबरच्या माणसांना कोण सांगणार? आपल्यानंतर इथे कुणीतरी येईल, त्यांचा तरी विचार करा.”

कप्तानाने गोष्ट फारच गंभीरपणे घेतली. धोक्याची घंटा वेगळी असते, ती चालू आहे, तरी असं व्हायला नको होतं, म्हणाला, आणि वॉल्टरला पाठवलं.

वॉल्टर हा जहाजाचा इंजिनियर. साठीला टेकलेला, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच, आणि आवाज देवळात बोलतात तसा हळू. अकरा वर्षं याच जहाजावर होता. त्याने स्पीकरला कान लावला. स्पीकर व्यवस्थित बोलत होता. त्याने माझ्याकडे वळून अगदी नम्रपणे विचारलं, “सर, तुमच्याकडून चुकून या बटणाला हात तर लागला नाही ना?”

“माझा? नाही,” मी म्हणालो.

आणि सुनंदा पुढे झाली. “माझे मिस्टर स्वतः इंजिनियर आहेत. त्यांना कळलं असतं.”

वॉल्टरने मान डोलावली. एका इंजिनियरने दुसऱ्या इंजिनियरच्या शब्दावर ठेवावा तसा त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि छताची फळी काढली. आता ज्यांना तांत्रिक माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: कायम बंद असलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं असतं. कधी बंद पडते आणि कधी चालू होते, अशी वस्तू म्हणजे साडेसाती. आणि कधीच बंद पडलेली नाही अशी वस्तू दुरुस्त करायची असेल, तर त्याला अंत नसतो. वॉल्टरने आमचं छत उघडलं. मग शेजारचं उघडलं. संध्याकाळपर्यंत आमच्या मजल्याच्या बोळात फळ्यांचा ढीग होता, आणि लोक जेवायला जाताना वॉल्टरच्या पायांना वळसा घालून जात होते. पायच दिसत होते. बाकीचा वॉल्टर छतात होता.

जेवणाच्या वेळी कप्तानाने सगळ्यांसमोर उभं राहून सुनंदाची माफी मागितली. साठ माणसं हळहळली. आणि मग त्याने जाहीर केलं, की इथून पुढे केबिन बाराला स्पीकरच्या भरवशावर ठेवणार नाही; काहीही दिसलं की एक माणूस स्वतः येऊन दार वाजवेल.

ते लोक शब्दाला पक्के निघाले. पहाटे पावणेपाचला टकटक: सील दिसतो आहे. पाच वाजता टकटक: दुसरा सील. सव्वापाचला अस्वल, पण ते गेलं. दुपारी दीडला, अगदी ठोक्याला, टकटक: पाणमांजर. मी चार दिवसांत एकूण जितका झोपलो, तितका बहारीनमध्ये एका दुपारी झोपतो. सुनंदा प्रत्येक वेळी उठायची, आणि जाता जाता मला म्हणायची, “बघा, किती चांगली माणसं आहेत.”

पाचव्या दिवशी कप्तानाने कमाल केली. देवमासे येतात अशा एका सामुद्रधुनीत त्याने जहाज थांबवलं, इंजिन बंद केलं, आणि केबिन बाराच्या बाईंसाठी आपण एक तास वाट बघू या, म्हणाला. पाऊस भुरभुरत होता. खाली सूप थंड होत होतं. तरी साठच्या साठ माणसं डेकवर उभी राहिली. कुणी कुरकुरलं नाही. आजींनी सुनंदाचा हात हातात धरला होता. मी मागे उभा होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका माशासाठी देवाला साकडं घालत होतो. एकदा लांबवर पांढरा फवारा उडाला. साठ माणसं पुढे झुकली. मग कळलं, की खडकावर लाट फुटली होती.

तास संपल्यावर सुनंदाच सगळ्यांना म्हणाली, “चला, सूप प्यायला चला. मुलं गैरहजर आहेत.”

शेवटच्या दिवशी उतरताना वॉल्टर शिडीशी उभा होता. टोपी हातात. म्हणाला, “मॅडम, दोष सापडला नाही मला. माझ्याकडून तुमचा एक देवमासा राहिला आहे.”

सुनंदाने त्याला नमस्कार केला. “तुमचा काही दोष नाही,” ती म्हणाली.

हे वाक्य मी दोघांच्या मध्ये उभं राहून, हातात दोन बॅगा घेऊन ऐकलं. आणि शिडी उतरलो. 

*

बहारीनला परतल्यावर आम्ही घरी स्लाइड दाखवल्या. पडदा म्हणून पांढरी चादर, आणि प्रेक्षक म्हणून अन्वरभाई, त्यांची बायको आणि माझ्या ऑफिसातले दोघे. सुनंदाने सगळं सांगितलं: हिमनदी, कप्तान, वॉल्टर, बिघडलेला स्पीकर. स्पीकरचं नाव निघताच अन्वरभाई सरसावून बसले.

“वैनी, कधी चालतो, कधी नाय चालत? मग वायर कुठंतरी घासत असनार. जहाज हललं की कॉन्टॅक्ट जातो. मी असली पंधरा जहाजं बघितली. त्या वॉल्टरला म्हनावं, जंक्शन बॉक्स उघड.”

“अन्वरभाई, असू दे ना आता,” मी म्हणालो.

“असू दे कसं? तो बिचारा तिकडं स्वतःला दोष देत असंल.”

सुनंदाने वॉल्टरला पत्र लिहिलं. (तसं ती लिहिणारच होती, आभाराचं.) त्यात अन्वरभाईंनी काढलेली आकृती घातली. सव्वा महिन्याने उत्तर आलं. वॉल्टरने जंक्शन बॉक्स उघडला होता. दोष नव्हता. पण मिस्टर अन्वरची कल्पना फार चांगली होती, आणि त्यांना पुढे काय वाटतं?

मिस्टर अन्वरना पुढे पुष्कळ वाटत होतं. त्यानंतर दीड वर्ष हूरा आणि अलास्का यांच्यात टपाल चालू राहिलं. अन्वरभाई शुक्रवारी नमाज पढून यायचे, आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे आणि बोलायचे. सुनंदा ते इंग्रजीत उतरवायची. चहा मी करायचो. गंजलेली तार तपासून झाली. ओलावा तपासून झाला. दोन प्रामाणिक माणसं, जगाच्या दोन टोकांना, कधीही न झालेला बिघाड शोधत होती. आणि खरं सांगायचं तर सुनंदाला मी इतकी खुलून बोलताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. हे सगळं थांबवायला मला जे बोलावं लागलं असतं, ते बोलायला मला दर शुक्रवारी नवीन कारणाने जमत नव्हतं.

मग वॉल्टरचं ते पत्र आलं. सुनंदाने मोठ्याने वाचून दाखवलं. येत्या हिवाळ्यात जहाज दुरुस्तीला जाणार होतं. वसंतात वॉल्टर निवृत्त होणार होता. नव्या माणसाच्या हातात बिघाड असलेलं जहाज द्यायचं त्याच्या मनाला पटत नव्हतं. म्हणून त्याने ठरवलं होतं, खालच्या मजल्याची सगळी छतं उतरवायची, जुनी वायर पूर्ण उपटायची आणि नवी घालायची. दोन आठवड्यांचं काम. गुडघे दुखतात, पण करीन, असं लिहिलं होतं.

“शाब्बास रे गड्या,” अन्वरभाई म्हणाले. “खलास. आता बिघाड ऱ्हानारच नाय.”

त्या दुपारी मी आडवा झालो, दीड वाजला, आणि माझे डोळे मिटले नाहीत. छताकडे बघत पडलो. छतात मला वॉल्टरचे पाय दिसायला लागले. दोन वाजता मी उठून बाहेर आलो. सुनंदा टेबलाशी बसून वॉल्टरला उत्तर लिहीत होती.

“लिहू नकोस,” मी म्हणालो. “स्पीकर बिघडलाच नव्हता. मी बंद केला होता. झोपायला.”

तिने पेन खाली ठेवलं. टोपण शोधलं. लावलं.

“आणि वॉल्टरने विचारलं तेव्हा?”

“खोटं बोललो.”

“मी म्हणाले, माझे मिस्टर इंजिनियर आहेत.”

“हो.”

यापुढे ती रडेल, ओरडेल, साताऱ्याचं नाव काढेल, अशी सगळी तयारी मी केली होती. ती म्हणाली, “वॉल्टर नवी वायर मागवेल त्याआधी त्याला कळलं पाहिजे. पत्राला पंधरा-वीस दिवस लागतील. फॅक्स करा. आत्ता.”

शुक्रवार. ऑफिस बंद. मी किल्ली आणली, आम्ही दोघं ऑफिसात गेलो. मी माझ्या टेबलाशी बसून सवयीच्या इंग्रजीत लिहिलं: वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते, की नजरचुकीने सदर बटण...

सुनंदाने लाल पेन उचललं. “नजरचूक? डोळे मिटलेले होते तुमचे.”

दुसरा मसुदा. ‘प्रवासाचा शीण आणि हवामानातील बदल यांमुळे...’ तिने पूर्ण वाक्यावर काट मारली. तिसऱ्यात मी लहानपणापासून हलक्या झोपेचा कसा आहे ते लिहिलं होतं. तिने कागदच चुरगळला. सातव्या मसुद्यात चार ओळी उरल्या: ‘वॉल्टर, स्पीकर चांगला होता. दुपारी झोपता यावं म्हणून मी तो बंद केला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. वायर उपटू नका. मला माफ करा.’

ती म्हणाली, “आता जाऊ दे.”

फॅक्स जहाजाच्या कंपनीच्या कचेरीत गेला. म्हणजे वॉल्टरच्या हातात पडण्याआधी तो तिथल्या सगळ्यांनी वाचला असणार. दोन दिवसांनी उत्तर आलं, तेही आमच्या ऑफिसातल्या फॅक्सवर, म्हणजे इथल्या सगळ्यांनी वाचलं. एकच ओळ होती. ‘देवाची कृपा. मला वाटलं होतं, माझंच वय झालं.’

अन्वरभाईंना मी खाली जाऊन सांगितलं.  ते म्हणाले, “पेठेसायेब, तुमच्या बेलचा स्विच मीच बसवला. मला तेवाच कळायला पायजे होतं.” आणि मला दारापर्यंत सोडताना, “पन वॉल्टर भला मानूस हां. त्याला ईदचं कार्ड मी पाठवनारच.”

सगळं मिटलं होतं. सुनंदा माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती. चहा वेळेवर, डबा वेळेवर. आठवडा झाला. पुढच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर ती खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, “वॉल्टरला चार ओळी मिळाल्या. अन्वरभाईंकडे तुम्ही जिना उतरून गेलात. माझ्या वाट्याला काय?”

मी म्हणालो, “तुला तर सगळ्यात आधी सांगितलं.”

“सांगितलंत. माफी कुठे मागितलीत?”

मी आठवून पाहिलं. मग आणखी मागे जाऊन आठवून पाहिलं. एकवीस वर्षांत मी बायकोची माफी कधीच मागितलेली नव्हती, आणि ती कोणत्या शब्दांत मागतात हे मला माहीत नव्हतं. ‘सॉरी’ म्हणजे कुणाच्या पायावर पाय पडल्यासारखं. ‘क्षमस्व’ म्हणजे दुकान बंद असल्याची पाटी. फॅक्स बरा होता. त्यात निदान समोर कुणी घड्या घालत नव्हतं.

“चुकलं,” मी म्हणालो.

“काय?” ती म्हणाली.

“चुकलं म्हणतो.”

“कोणाचं?”

“माझं.”

“ऐकू येत नाही. एसीचा आवाज होतो आहे.”

तिला खरोखरच ऐकू येत नव्हतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. मी उठलो आणि एसी बंद केला. जुलैमधला बहारीन होता. मिनिटाभरात खोली तापली, माझ्या शर्टाची पाठ भिजली. सुनंदा हातातला टॉवेल धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी घाम पुसला आणि वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखा, पूर्ण वाक्यांत, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो:

“सुनंदा, तुला त्या वेळी जागेवर असायचं होतं, आणि माझ्या झोपेपायी तू नव्हतीस. वर मी खोटं बोललो, आणि तुलाही माझ्या खोट्याची साक्ष द्यायला लावली. चुकलं माझं. मला माफ कर.”